अंडी कशानं मेली? टॉवेलातली नॅनो सिल्व्हर, झेब्राफिश आणि सोलापुरातली एक केस

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. फार मोठा नाही, पण माल बाहेर जातो. त्यांच्या एका बायरनं मेल टाकला की तुम्ही टॉवेलवर अँटी-बॅक्टेरियल म्हणून जी नॅनो सिल्व्हर (चांदीचे अतिबारीक कण) मारता ती धुण्याच्या पाण्यातून बाहेर गेली तर माशांचं काय होतं, काही डेटा असेल तर पाठवा. आता टॉवेलवाल्याकडे माशांचा डेटा कुठनं येणार. पण मालकांच्या भाच्याची एक वर्गमैत्रीण गावातल्याच एका कॉलेजात पीएचडी करते, झेब्राफिशवर, आणि तिच्या मॅडमनाही असा खराखुरा इंडस्ट्रीचा नमुना हवाच होता. असं जमलं सगळं. मी यात सल्ल्यापुरता होतो, आकडे बघायचे आणि प्रश्न विचारायचे एवढंच काम. नावं कुणाचीच देत नाहीये, तपशीलही ओळख लागणार नाही इतपत बदललेत.

झेब्राफिशच का ते थोडक्यात. हा मासा आपल्याकडचाच आहे, १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टननं कोसी नदीतल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं, पुढे अमेरिकेत ओरेगॉनला जॉर्ज स्ट्राइसिंगरनं त्याला लॅबचा प्राणी केला आणि आता आपण प्रोटोकॉल तिकडचे वाचून इकडे तोच मासा पाळतो, असो. फायदा हा की अंडी पारदर्शक असतात, आईच्या पोटाबाहेर वाढतात, २४ तासांत हृदय ठोके द्यायला लागलेलं मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं, दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर. २०१३ मध्ये जीनोम पूर्ण छापून आला तेव्हा कळलं की माणसाच्या ७० टक्के जीन्सना या माशात निदान एक तरी जोडीदार जीन आहे. म्हणून औषधवालेही हाच वापरतात आणि पर्यावरणवालेही.

टेस्टचं नाव ओईसीडी २३६ (ओईसीडी ही अशा टेस्टच्या पद्धती ठरवून देणारी आंतरराष्ट्रीय संस्था), ही पण २०१३ चीच. काम सरळ दिसतं. ताजी फलित अंडी घ्यायची, २४ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये एका वेलमध्ये एक, प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला २० अंडी, अशी पाच कॉन्सन्ट्रेशन्स, ९६ तास. रोज चारच गोष्टी बघायच्या: अंडं पांढरं पडून गोठलं का, शरीराचे खंड पडले का, शेपटी बलकापासून सुटली का, आणि ४८ तासांनंतर हृदय चालू आहे का. चारपैकी एकही बिघडली तर तो एम्ब्रियो (अंड्यात वाढणारा जीव) मेला असं धरायचं. नुसत्या पाण्यातली निदान ९० टक्के जगली पाहिजेत, आणि ३,४-डायक्लोरोॲनिलीन लिटरला ४ मिलिग्रॅम दिलेल्यातली निदान ३० टक्के मेली पाहिजेत, नाहीतर तो राऊंडच बाद. ही दुसरी अट लोक विसरतात. विष देऊनही काही मरत नसेल तर तुमची टेस्ट काही पकडायच्या लायकीचीच नाही, हे त्यातनं कळतं.

आता सोलापूर. टेस्टला २६ अंश लागतात, एक अंश इकडे-तिकडे. एप्रिलमध्ये बाहेर ४२, लॅबमध्ये पंखा गरम हवाच फिरवणार. परदेशी व्हिडिओत साधा इन्क्युबेटर दिसतो, तो फक्त गरम करतो, आपल्याला गार करणारा बीओडी इन्क्युबेटर पाहिजे आणि त्याला इन्व्हर्टर पाहिजे. लाईट गेली की माशांचं १४ तास उजेड १० तास अंधाराचं गणितही बिघडतं, आणि अंडी देतात ती सकाळी उजेड झाल्या झाल्या, मग त्या दिवशी अंडीच नाहीत. पाण्याचं तर विचारू नका, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत टँकर नाहीतर बोअरचं, प्रत्येकाचा जडपणा वेगळा. त्या पोरीनं हे सगळं आधीच सोडवून ठेवलं होतं, डिस्टिल्ड पाण्यात मोजून क्षार घालून मीडियम (अंडी ठेवायचं पाणी) करायची, आणि तिचे कंट्रोल, म्हणजे काहीच न दिलेली तुलनेची अंडी, स्वच्छ यायचे. हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे जो घोळ झाला त्याचं खापर लोक आधी पाण्यावर आणि लाईटवर फोडतात, आणि इथे ते कारण नव्हतंच.

पहिला राऊंड

भाच्यानं मिनरल वॉटरच्या बाटलीत 'नॅनो' आणून दिलं. तिनं त्याचे डायल्यूशन्स केले, सोबत तुलनेला म्हणून लॅबमध्ये सिट्रेटनं बनवलेली स्वतःची नॅनो सिल्व्हर लावली, लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत. मीडियम नेहमीचं ई३, जे बरेच झेब्राफिशवाले वापरतात. (बुरशी येऊ नये म्हणून त्यात मिथिलीन ब्लू घालतात तो टॉक्सिसिटीच्या टेस्टला घालायचा नाही, तो स्वतःच एक केमिकल आहे. तिनं घातला नव्हता.)

दुसऱ्या दिवशी बघितलं तर कारखान्याच्या बाटलीवाली अंडी सगळ्यात खालचं कॉन्सन्ट्रेशन सोडलं तर जवळपास सगळी पांढरी. आणि लॅबच्या चांदीत? मस्त वाढताहेत. १०० मिलिग्रॅमलाही हृदय चालू, शेपटी सुटलेली, सगळं व्यवस्थित.

बातमी कारखान्यापर्यंत लगेच गेली, भाच्याचा फोन, "काय गं, आमच्या मालानं मासे मेले म्हणं?" तिनं तोपर्यंत एक थिअरी पण तयार केली होती, की कारखान्याचे कण जास्त बारीक असतील म्हणून आत शिरले, लॅबचे मोठे म्हणून शिरले नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण झेब्राफिशच्या अंड्याचं बाहेरचं कवच असतं, कोरिऑन, त्याला भोकं असतात साधारण अर्धा ते पाऊण मायक्रोमीटरची, म्हणजे ५०० नॅनोमीटरच्या वर. सुटा २० नॅनोमीटरचा कण काय आणि ६० चा काय, त्या भोकातून जाणं म्हणजे गावच्या वेशीतून मुंगी जाणं. एकटा कण असेल तर साईजनं एवढा फरक पडायचं कारण नाही. आणि मरायची वेळही बोलत होती. नॅनो सिल्व्हरचं नुकसान बऱ्याचदा हळूहळू दिसतं, हृदयाभोवती पाणी साचणं, पाठ वाकडी, अंड्यातून बाहेर यायला उशीर. इथे चोवीस तासांच्या आत अंडी सरळ गोठलेली. हे मला आणि मॅडमना दोघांनाही साबणाच्या जातीच्या केमिकलसारखं वाटलं, चांदीसारखं कमी.

मग मी विचारलं की बाटली भरली कुठनं. कुणालाच माहीत नाही. मालकांनी भाच्याला समोर बोलावलं, "हे कुठनं भरलंस बे?" तर तो म्हणाला पॅडिंगच्या मशीनखालच्या ट्रफमधनं. म्हणजे कापड ज्यातनं बुडवून काढतात त्या तयार बाथमधनं. नॅनोचं मूळ लिक्विड ज्यात येतं त्या ड्रममधनं नाही. त्या बाथमध्ये नॅनोचं प्रमाण थोडं, आणि सोबत हाताला मऊ लागावं म्हणून कॅटायनिक फ्लेक्स शिजवून केलेलं सॉफ्टनर, ते नॅनोच्या कितीतरी पट.

कॅटायनिक सॉफ्टनर म्हणजे धन भार असलेली चरबीची लांब साखळी, कापसावर चिकटते म्हणून टॉवेल मऊ. पेशीच्या पडद्यावर आणि माशांच्या कल्ल्यावर ऋण भार असतो, तिथेही ती तशीच चिकटते. अशा केमिकल्सचा पाण्यातल्या जिवांना त्रास होतो हे नवीन नाही, नॅनो हा शब्द जन्मायच्या आधीपासून माहीत आहे.

तपासायला दोन गोष्टी केल्या. एक, रेसिपीत असतं त्याच प्रमाणात नुसतं सॉफ्टनर, चांदीशिवाय, अंड्यांना दिलं. पुन्हा तशीच पांढरी अंडी. दोन, बाथच्या नमुन्यात सिस्टीन घातलं. सिस्टीन हे एक अमिनो आम्ल, त्यातलं गंधक चांदीचे आयन (पाण्यात विरघळलेले, भार असलेले चांदीचे अणू) घट्ट धरून ठेवतं, म्हणजे मारणारी चांदी असेल तर सिस्टीन घातल्यावर अंडी वाचायला पाहिजेत. नाही वाचली. तेव्हा बाटलीचा निकाल लागला, तिच्यावर नॅनो लिहिलेलं असलं तरी मारत होतं सॉफ्टनर.

या ठिकाणी सगळे खूश झाले. मालक तर फारच. "म्हणजे चांदी निर्दोष, असंच ना ताई? लिहून द्या की मग." आणि खरं सांगायचं तर केस इथेच फसली असती, कारण लॅबच्या चांदीचा स्वच्छ रिझल्ट सगळ्यांच्या डोक्यात बसला होता.

तळाशी काय बसलंय

तिनं आता ड्रममधनं खरं लिक्विड आणलं, बाटली भरताना स्वतः उभी राहिली, आणि ई३ मध्येच पुन्हा लावलं. अंडी जगली. पण वेलच्या तळाला करडा थर, आणि उजेडात ठेवलेल्या प्लेटमध्ये तो आणखी काळा पडलेला. फोटो तिनंच पाठवला, "सर हे काय आहे" म्हणून. या फोटोमुळे पुढचं सगळं झालं असं मी म्हणेन.

ई३ मध्ये काय असतं बघा: सोडियम क्लोराईड ५ मिलीमोलर, पोटॅशियम क्लोराईड ०.१७, कॅल्शियम क्लोराईड ०.३३, मॅग्नेशियम सल्फेट ०.३३. क्लोराईड एकूण साधारण ५.८ मिलीमोलर. चांदी आणि क्लोराईड भेटले की सिल्व्हर क्लोराईड होऊन खाली बसतं, बारावीच्या प्रॅक्टिकलला पांढरा साका येतो तोच हा, उजेडात काळपट पडतो तोही हाच. त्याचा विद्राव्यता गुणाकार (किती विरघळू शकतं ते काढायचा आकडा) १.८ × १०⁻¹⁰, त्याला ५.८ मिलीमोलरनं भागा, म्हणजे मोकळे चांदीचे आयन लिटरला जेमतेम ३ मायक्रोग्रॅम राहू शकतात. तुम्ही वरून १०० मिलिग्रॅम ओता नाहीतर ५० ओता, मोकळे आयन तेवढेच. थोडी चांदी क्लोराईडला धरून विरघळलेली राहते, पण बाकीचा माल तळाला.

दुसरं, कणांचं. सिट्रेटनं झाकलेले कण एकमेकांपासून लांब राहतात ते ऋण भारामुळे. मीठ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं की तो भार झाकला जातो, कण चिकटून गठ्ठे होतात, आणि गठ्ठा मायक्रोमीटरचा झाला की कोरिऑनच्या भोकातून जायचा प्रश्नच नाही. बाहेर चिकटून बसतो नाहीतर तळाला जातो. मघाशी वेशीची गोष्ट केली ती सुट्या कणाची होती.

म्हणजे प्लेटवर १०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि अंड्याला मिळतंय भलतंच काहीतरी, तेही दर तासाला बदलणारं. अंडी जगली यात चांदीचा चांगुलपणा काही नाही, ती अंड्यापर्यंत नीट पोचलीच नव्हती.

हे पकडायला महागडी मशीन लागतेच असं नाही. कण मोजायचं डीएलएस जवळ नसेल तरी साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक सायन्स कॉलेजांत असतो. सुट्या नॅनो सिल्व्हरचा पिवळा रंग असतो, उजेड शोषण्याच्या आलेखाचं, म्हणजे स्पेक्ट्रमचं, शिखर साधारण ४०० ते ४२० नॅनोमीटरला येतं. मीडियममध्ये मिसळल्यावर लगेच, मग तासाभरानं, मग दुसऱ्या दिवशी असा स्पेक्ट्रम घ्या. शिखर खाली बसत चाललं आणि पसरट झालं की समजा गठ्ठे होताहेत. तिनं घेतला, ई३ मधलं शिखर दुसऱ्या दिवसापर्यंत जवळपास सपाट. ही तपासणी अंडी लावायच्या आधी करायची गोष्ट आहे आणि ओईसीडीनं नॅनोसाठी वेगळं मार्गदर्शन काढलंय, २०१७ ची ३१८ नंबरची टेस्ट फक्त कण पाण्यात किती टिकून राहतात यावरच आहे. पण २३६ वाचणारे तिथपर्यंत जात नाहीत, कारण २३६ लिहिलीय ती विरघळणाऱ्या केमिकल्सचा विचार करून, तिच्यात हे कुठे ठळक येत नाही.

मग मीडियम बदललं. क्लोराईडचे क्षार काढून कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि थोडा खायचा सोडा, तेही पातळ करून. मॅडमना काळजी होती की एवढ्या कमी क्षारात अंडीच जगणार नाहीत, पण झेब्राफिशची अंडी याबाबतीत चिवट असतात, कंट्रोल ९० टक्क्यांच्या वर आले. स्पेक्ट्रमचं शिखर पण टिकलं. प्लेट फॉईलमध्ये गुंडाळली, आणि वेलच्या प्लॅस्टिकला चांदी चिकटते म्हणून प्लेट आदल्या दिवशी त्याच द्रावणानं भरून ठेवून दुसऱ्या दिवशी ताजं घातलं. शिवाय कॉन्सन्ट्रेशन खूप खाली आणली, शंभर मिलिग्रॅम वगैरे नाही, कारण एवढी चांदी कुठल्या नाल्यात नसते आणि एवढ्या गर्दीत कण चिकटणारच.

आता तोच ड्रम, तीच अंडी, पण चित्र वेगळं. वरच्या कॉन्सन्ट्रेशनला मेली, मधल्या दोनला हृदयाच्या पिशवीत पाणी, ठोके मंद, काहींची शेपटी वाकडी, आणि बरीच अंड्यातून वेळेवर बाहेरच आली नाहीत.

उशिरा बाहेर येण्याबद्दल एक सांगतो. पिल्लू कवच फोडतं ते एका एन्झाइमनं, त्याला काम करायला धातूचा आयन लागतो. कॉपर ऑक्साईड, झिंक ऑक्साईड, निकेल ऑक्साईड या नॅनोकणांतनं सुटणारे आयन त्या एन्झाइममध्ये लुडबुड करतात आणि पिल्लू आतच अडकतं हे दाखवलं गेलंय. त्यामुळे कवच न फुटणं म्हणजे पिल्लू आतून आजारी आहे असंच दर वेळी नसतं. तिनं त्या न फुटलेल्यांपैकी काहींची कवचं सुईसारख्या चिमट्यानं सोलून बघितली, काही आत ठीक होती, काही नव्हती. रिपोर्टमध्ये दोन्ही वेगळी लिहायला लावली मी.

शेवटचा प्रश्न, मारतंय कण का आयन. चांदीचा कण पाण्यात हळूहळू आयन सोडतो, आणि चांदीचा आयन गोड्या पाण्यातल्या माशाची सोडियम आत ओढायची यंत्रणा बंद पाडतो, रक्तातलं मीठ गळत जातं. एम्ब्रियोला कल्ले नसले तरी हे काम करणाऱ्या पेशी कातडीवर असतात. वजनाला वजन धरलं तर चांदीचे आयन नॅनोकणांपेक्षा जास्त विषारी ठरतात, बहुतेक अभ्यासांत असंच येतं. मग कणांचं द्रावण ३ किलोडाल्टनच्या (म्हणजे कणही अडतील इतक्या बारीक भोकांच्या) फिल्टर ट्यूबमधून सेंट्रिफ्यूज केलं, कण वर राहतात आणि आयन खाली उतरतात, ते खालचं पाणी अंड्यांना दिलं. सोबत सिल्व्हर नायट्रेटची रांग (त्यात चांदी आयन म्हणूनच असते), सोबत सिस्टीन घातलेली रांग, सोबत नुसत्या सिट्रेटची. सिस्टीननं या वेळी बरीच अंडी वाचली, गाळलेल्या पाण्यानं त्रास झाला पण कणांसकट जेवढा होत होता तेवढा नाही. म्हणजे मोठा वाटा आयनांचा आणि उरलेला कणांचा, किंवा कण अंड्याला चिकटून तिथल्या तिथे आयन सोडत असतील त्याचा. यापुढे या सेटअपमधून सांगता येत नाही आणि तिनं सांगितलंही नाही, हे मला आवडलं.

मालकांना काय द्यायचं

"ताई, मला ते ग्राफ-बिफ नको, एका ओळीत सांगा, आमचा माल विषारी आहे का नाही." यावर मॅडम आणि मालक यांची बरीच बोलाचाली झाली, चहा दोनदा झाला. एका ओळीत सांगता येत नव्हतं कारण कारखान्याच्या नाल्यात ना ई३ आहे ना पातळ नायट्रेटचं पाणी. रिॲक्टिव्ह डाईंगला लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ जातं, रंग गडद तेवढं जास्त, कुणी साधं मीठ वापरतं कुणी ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. साधं मीठ असेल तर त्या पाण्यात चांदी बरीचशी क्लोराईडच्या रूपात बांधली जाणार, पुढे गटारात गंधक मिळालं की सिल्व्हर सल्फाईड, आणि ते माशांना फार कमी त्रासदायक, गाळात बसून राहतं. म्हणजे यांच्या नाल्याच्या तोंडाशी आज काळजी करायची ती सॉफ्टनरची जास्त आणि चांदीची कमी. पण टॉवेल विकला गेल्यावर दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात, कमी क्षाराच्या पाण्यात धुतला जाणार तिथलं गणित वेगळं. ॲरिझोनातल्या दोघा संशोधकांनी २००८ मध्ये चांदीवाल्या मोज्यांवर काम केलं होतं, काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी चारेक धुण्यांत निघून गेली होती आणि काहींतली फारशी हललीच नाही. कापडावर चांदी कशी बसवलीय यावर सगळं. बायरचा प्रश्न धुण्याच्या पाण्याचा होता आणि आपण आतापर्यंत तपासला होता ड्रम.

शेवटी रिपोर्ट गेला तो असा: फिनिशिंग बाथ एम्ब्रियोला तीव्र विषारी, मुख्य कारण सॉफ्टनर. नॅनो लिक्विड कमी क्लोराईडच्या पाण्यात विषारी, मुख्यतः आयनांमुळे. ई३ मधले चांदीचे निगेटिव्ह (त्रास दिसला नाही असे) रिझल्ट ग्राह्य धरू नयेत, आणि का ते खाली एका परिच्छेदात. टॉवेल धुतलेल्या पाण्याबद्दल अजून काहीही म्हणणं नाही. मालक नाराज होते पण बायरला म्हणे हाच रिपोर्ट आवडला, उलट त्यांनी पुढचे प्रश्न पाठवले. कारखान्यात तातडीनं एक झालं, उरलेला बाथ दिवसाच्या शेवटी सरळ नाल्यात सोडायचे ते बंद करून दुसऱ्या दिवशीच्या लॉटला वापरायला लागले. तसंही ते पैसेच वाहून जात होते.

पुढचा राऊंड पाऊस पडल्यावर, बीओडीवरचा ताण कमी झाला की. नॅनो मारलेला टॉवेल, नुसतं सॉफ्टनर मारलेला आणि काहीच न मारलेला, तिन्ही डिस्टिल्ड पाण्यात आणि बोअरच्या पाण्यात धुवायचे, पहिल्या काही धुण्यांचं पाणी वेगवेगळं ठेवायचं, त्यातली चांदी बाहेर आयसीपी-एमएसला (धातू अगदी बारीक प्रमाणात मोजणाऱ्या मशीनला) पाठवून मोजायची आणि मगच अंड्यांना द्यायचं. बोअरच्या पाण्याला चांदीशिवायचा स्वतःचा कंट्रोल लागणार, कारण तिथल्या क्षारांनीच काही अंडी गेली तर ती कुणाच्या खात्यात टाकायची हा वाद नको.